कंपनीच्या पैशाने भरणारी डॉक्टरांची सभा: पाहुणचार कुठवर चालतो?

आमंत्रणपत्रिका हातात आली की आधी वेळा वाचा. विषय, वक्ता, प्रायोजक हे सगळं नंतर. साडेसहा ते सात नोंदणी, सात ते पावणेआठ व्याख्यान, पावणेआठपासून ‘स्नेहभोजन’, आणि त्यापुढे वेळच छापलेली नाही. अशी एक पत्रिका मी स्वतः मंजूर केलेली आहे. डॉक्टरांच्या संघटनेत शैक्षणिक सभांचा सचिव म्हणून माझं ते पहिलंच वर्ष होतं. सभागृह, जेवण, वक्त्याचा प्रवास, सगळं एका औषध कंपनीने अंगावर घेतलं होतं आणि आपण संघटनेचे पैसे वाचवले या आनंदात मी होतो. पत्रिका छापायला जायच्या आदल्या दिवशी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ती पाहिली, शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे काढलं तर किती जण येतील?”

मला उत्तर देता आलं नाही. पुढे जगभरातल्या नियमावल्या वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या सगळ्या फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात. तुम्ही संघटनेच्या कामात नव्याने आलेले डॉक्टर असा, पहिल्यांदाच कंपनीच्या सभेला निघालेले निवासी डॉक्टर असा किंवा नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय प्रतिनिधी असा, खालची पावलं तुमच्या उपयोगी पडतील.

एका जेवणाने काय होतं?

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि तो अगदी मनापासून विचारलेला असतो. इतकी वर्षं अभ्यास केलेला माणूस एका जेवणापायी औषध बदलेल का? ठरवून कुणीच बदलत नाही. अडचण तिथेच आहे.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन औषधांवरच्या परिसंवादांसाठी कंपन्यांनी डॉक्टरांना सगळा खर्च करून सुट्टीच्या ठिकाणी नेलं होतं. याचा आपल्यावर परिणाम होणार नाही, असं त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. ते परतल्यानंतर एका औषधाचा वापर सरासरी ८१ एककांवरून २७२ वर गेला, दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर. २००१ मध्ये निवासी डॉक्टरांना विचारलं गेलं तेव्हा ६१ टक्के म्हणाले की कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्यावर परिणाम होत नाही. पण इतर डॉक्टरही तसेच अलिप्त राहतात असं मानणारे होते फक्त १६ टक्के. हे दोन आकडे मी प्रत्येक नव्या तुकडीला शेजारी शेजारी लिहून दाखवतो. प्रत्येकाला धोका दिसतो, पण शेजाऱ्याच्या ताटात.

सहलीचं सोडा, साध्या जेवणाचं काय? अमेरिकेत २०१६ मध्ये २,७९,६६९ डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जेवणाची सरासरी किंमत २० डॉलरच्याही आत होती. तरी ज्यांनी एखाद्या औषधाच्या प्रचारासाठीचं एक जेवण घेतलं होतं, ते तेच औषध जास्त प्रमाणात लिहीत होते, आणि जेवणं वाढली तसं प्रमाणही वाढलेलं दिसलं. यावरून जेवणामुळेच चिठ्ठी बदलली असं सिद्ध होत नाही; ते औषध आधीपासून आवडणारे डॉक्टरच त्या सभांना जात असतील, हीही शक्यता आहे. पण खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. चांगल्या माणसांच्या अंगात ते जास्तच मुरलेलं असतं, आणि चिठ्ठी लिहिताना ते आपसूक जागं होतं. त्या वेळी समोर बसलेला रुग्ण त्या जेवणाला नव्हता, आणि औषधाचे पैसे मात्र तो देणार असतो. म्हणून नियम बारीकसारीक गोष्टींत शिरतात, आणि ते बरोबरच आहे.

पाऊल पहिलं: कोणता नियम कुणाला बांधतो ते शोधा

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. “कंपनी देतेय म्हणजे चालत असणार,” असं तो धरून चालतो. कंपनीला बांधणारे नियम वेगळे आणि डॉक्टरला बांधणारे वेगळे. साधारण चार थर असतात: देशाचा कायदा, वैद्यकीय परिषदेची आचारसंहिता, औषध उद्योगाची स्वतःची संहिता आणि तुमच्या रुग्णालयाचे किंवा संस्थेचे नियम. चारही वाचा आणि एकाच बाबीवर ते वेगवेगळं बोलत असतील तर त्यातला सगळ्यांत कडक धरा. मला आजवर याहून सोपी वाट सापडलेली नाही.

जागतिक पातळीवर दोन दस्तऐवज पायाभूत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये औषधप्रचाराचे नैतिक निकष मांडले. सभेतला पाहुणचार मुख्य हेतूच्या मानाने दुय्यम आणि बेताचाच असावा, आणि कंपनीचं प्रायोजकत्व आधी, सभेत आणि नंतरच्या इतिवृत्तातही स्पष्ट सांगितलेलं असावं, असं त्यात आहे. दुसरी म्हणजे औषध कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, आयएफपीएमएची संहिता. ती पहिल्यांदा १९८१ मध्ये आली आणि वेळोवेळी कडक होत गेली. युरोपीय संघात हीच गोष्ट २००१/८३/ईसी या निर्देशाने कायद्यात बसवली आहे: वैज्ञानिक सभेतला पाहुणचार त्या सभेच्या मुख्य वैज्ञानिक उद्देशापुरताच मर्यादित हवा आणि आरोग्य व्यावसायिकांखेरीज कुणाला तो देता कामा नये.

हे थर एकमेकांत कसे गुंततात याचं ठळक उदाहरण भारतात घडलं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत डिसेंबर २००९ मध्ये भर पडली आणि औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, हॉटेलातला मुक्काम, रोख रक्कम घ्यायला डॉक्टरांना मनाई झाली. श्रोता म्हणून एखाद्या शास्त्रीय परिषदेला जाण्याचा प्रवासखर्चही त्यात आला. कंपन्यांचं म्हणणं असं पडलं की हा नियम डॉक्टरांवर आहे, आमच्यावर नाही. म्हणून अशा भेटींवरचा खर्च आम्हाला आयकरात वजा करून मिळावा. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात ही मागणी फेटाळली. घेणाऱ्याला जे निषिद्ध आहे, ते देणाऱ्याचा वैध धंदेवाईक खर्च होऊ शकत नाही. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या औषध विभागाने कंपन्यांसाठीची एकसमान संहिता, म्हणजे यूसीपीएमपी, नव्याने जारी केली. तिच्यात कंपनीच्या बाजूनेही तीच बंधनं आली: प्रवास, हॉटेल, महागडं जेवण हे डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबाला द्यायचं नाही, अपवाद फक्त शैक्षणिक कार्यक्रमातल्या वक्त्याचा.

पाऊल दुसरं: सभा नेमकी कुणाची आहे?

पत्रिकेवर संघटनेचं नाव असलं म्हणजे सभा संघटनेची होत नाही. मी चार प्रश्न विचारतो. विषय कुणी सुचवला? वक्ता कुणी निवडला? स्लाइड्स कुणी बनवल्या? बोलावण्याची यादी कुणाकडे आहे? चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ‘कंपनी’ आलं तर ती कंपनीची प्रचारसभा समजा आणि पत्रिकेवर तसं लिहा. प्रचारसभा भरवणं हा गुन्हा नाही. नवीन औषधाची माहिती कंपनीकडून घेणंही गैर नाही. पण प्रचाराला शिक्षणाचं नाव दिलं की समोर बसलेला डॉक्टर सावधपणे ऐकत नाही.

मान्यताप्राप्त सीएमई, म्हणजे ज्याचे गुण डॉक्टरच्या नोंदणीसाठी मोजले जातात असे कार्यक्रम, यांचे नियम आणखी कडक असतात. अमेरिकेत एसीसीएमई या मान्यता देणाऱ्या संस्थेचे निकष सांगतात की आशय, वक्ते आणि श्रोते कोण असावेत हे ठरवण्यात कंपनीचा हात नको, आणि शिक्षण व विक्री यांची सरमिसळ नको. तिथल्या उद्योगाची, पीएचआरएमएची संहिता तर म्हणते की अशा कार्यक्रमात कंपनीने स्वतः जेवण देऊच नये. आयोजकाला कंपनीचं अनुदान मिळालं असेल तर जेवण ठेवायचं की नाही, हे आयोजकाने आपल्या अखत्यारीत ठरवायचं. बोलायला न आलेल्या श्रोत्यांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्चही कंपनीने उचलायचा नाही.

कंपनीने थेट जेवण देणं आणि कंपनीच्या अनुदानातून आयोजकाने जेवण ठेवणं, नवख्याला या दोन्हींत फरक वाटत नाही. फरक मोठा आहे. पहिल्यात यजमान कंपनी असते. दुसऱ्यात तुम्ही यजमान असता, आणि काय, किती, केव्हा हे तुमच्या हातात राहतं.

पाऊल तिसरं: जागा

फार लांबण लावायला नको. पडदा दिसतो का, आवाज पोचतो का, लिहायला टेबल आहे का, बहुतेकांना यायला सोयीची आहे का, एवढं बघा. आयएफपीएमएची संहिता म्हणते की जागा शिक्षणाच्या हेतूला साजेशी असावी आणि ख्यातनाम किंवा उधळपट्टीची ठिकाणं टाळावीत. ब्रिटनच्या औषध उद्योगाच्या, एबीपीआयच्या संहितेत एक कसोटी आहे जी मला फार आवडते: सगळ्या व्यवस्थेकडे बाहेरून पाहणाऱ्याचा काय समज होईल, हे सतत ध्यानात ठेवा. तुमच्या रुग्णांपैकी कुणी त्या संध्याकाळी दारातून आत डोकावला तर त्याला वर्ग दिसेल की मेजवानी?

परदेशातल्या सभांचा नियम वेगळा. श्रोते एका देशातले आणि सभा दुसऱ्या देशात, याला आयएफपीएमएच्या नियमात वाहतुकीचं किंवा सुरक्षेचं खरं कारण लागतं. अनेक देशांतून लोक येतात अशा आंतरराष्ट्रीय परिषदांची गोष्ट निराळी, त्या चालतात. भारताच्या २०२४ च्या संहितेत कंपन्यांना असे शैक्षणिक कार्यक्रम परदेशात घ्यायला सरळ बंदी आहे.

पाऊल चौथं: जेवण

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

जवळजवळ प्रत्येक नियमावलीत तीन अटी सापडतात. जेवण सभेला जोडून आलेलं असावं, सभा जेवणाला जोडून नव्हे. ते त्या ठिकाणच्या मानाने साधं आणि वाजवी असावं. आणि ते फक्त सभेत सहभागी झालेल्यांसाठी असावं.

‘वाजवी’ म्हणजे किती, यावर वाद नकोत म्हणून काही देशांनी आकडा ठरवला आहे. ब्रिटनच्या संहितेत २०१४ पासून माणशी ७५ पाउंडांची कमाल मर्यादा आहे. त्यात पेयं धरलेली आहेत, कर आणि बक्षिशी वगळली आहे. हा आकडा ऐकला की नवखे आयोजक ७५ चंच जेवण शोधायला लागतात. संहिता मात्र सांगते की तिथवर जाणं अगदी अपवादात्मक प्रसंगीच योग्य. युरोपात उद्योगाच्या ईएफपीआयए या महासंघाच्या नियमाप्रमाणे सभा ज्या देशात भरते त्या देशाची मर्यादा लागू होते, श्रोता कुठून आला याची नाही.

आता बिलाचा हिशेब पाहू. समजा तुम्ही ४० जणांचं जेवण माणशी ५० पाउंडांनी सांगितलं. बिल झालं २,०००. प्रत्यक्षात आले २५ जण. हजर माणसांनी भागलं तर माणशी ८० येतात आणि ५० चं साधं जेवण कागदावर मर्यादा ओलांडून बसतं. म्हणून जेवण पुरवणाऱ्याशी बोलताना किमान ताटांचा आकडा कमी सांगा, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत बदल करता येईल असं लिहून घ्या. आलेल्यांची नावं मोजून बिलाच्या मागे लिहा. मी हे आजही हातानेच लिहितो.

वेळेबद्दल माझा स्वतःचा दंडक आहे, नियमावलीतला नव्हे: जेवणाला जेवढा वेळ, त्याच्या निदान तिप्पट वेळ शिकण्याला. आणि जेवण शेवटी ठेवू नका. दोन व्याख्यानांच्या मधे अर्ध्या तासाची सुट्टी ठेवा. लोक खाऊन परत खुर्चीवर येऊन बसतात की नाही, त्यावरून तुमची सभा कशी आहे ते तुम्हालाच कळेल.

डबे बांधून नेणं बंद. व्याख्यान न ऐकता फक्त जेवण घेऊन जाणं, किंवा प्रतिनिधीने दवाखान्यात जेवण ठेवून निघून जाणं, याला अमेरिकेतल्या संहितेत स्पष्ट मनाई आहे. कारण उघड आहे, बोलणंच झालं नाही तर जेवण कशाला जोडलेलं होतं? मद्याबद्दल म्हणाल तर तिथल्या कंपन्यांच्या वक्ता-कार्यक्रमांत, म्हणजे कंपनी मानधन देऊन डॉक्टरला बोलायला लावते अशा सभांत, २०२२ पासून कंपनीच्या खर्चाने मद्य देणं बंद झालं आहे. तुमच्या देशाचा नियम याबाबत गप्प असला तरी शैक्षणिक सभेत मद्य ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

पाऊल पाचवं: सोबत कोण आणि प्रवास कुणाचा

नोंदणीच्या तक्त्यावर एक रकाना असतो, ‘सोबत येणाऱ्यांची संख्या’. तो रकानाच काढून टाका. जोडीदार, मुलं, मित्र यांचा खर्च कंपनीने करायचा नाही, यावर मला माहीत असलेल्या सगळ्या संहितांचं एकमत आहे. “आम्ही त्यांचे पैसे वेगळे भरतो,” असं कुणी म्हणालं तरी ब्रिटनच्या नियमात सोबतच्या माणसाला सभेतच येता येत नाही. जोडीदार स्वतः डॉक्टर असेल आणि विषय त्याच्या कामाचा असेल, तर तो स्वतःच्या हक्काने श्रोता आहे. त्याची नोंदणी स्वतंत्र करा.

प्रवासाच्या बाबतीत देशोदेशी मोठा फरक आहे आणि इथेच तुम्हाला नीट बघावं लागेल. आयएफपीएमएच्या संहितेप्रमाणे कंपनी डॉक्टरचा प्रवास, जेवण, मुक्काम आणि नोंदणीशुल्क देऊ शकते, पण हजर राहिल्याबद्दल वेळेचे पैसे देऊ शकत नाही, आणि त्या बदल्यात औषध लिहिण्याची कसलीही अट घालू शकत नाही. ब्रिटनमध्ये श्रोत्याला विमानाचं इकॉनॉमी वर्गाचंच तिकीट. वरचा वर्ग हवा तर फरक स्वतःच्या खिशातून. भारतात साध्या श्रोत्याला यातलं काहीच घेता येत नाही, मग परिषद कितीही चांगली असो. आंतरराष्ट्रीय संहितेत चालतं म्हणून घेतलं, हा बचाव वैद्यकीय परिषदेपुढे टिकत नाही.

करमणूक, सहल, खेळाची तिकिटं: नाही. आयएफपीएमएच्या नियमात स्वतंत्र करमणूक किंवा विरंगुळा यांचा खर्च कंपनीने करायचा नाही. भेटवस्तूही नाहीत, २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची नावं छापलेल्या बारीकसारीक वस्तूही आयएफपीएमएने बंद केल्या. कंपनीच्या सभेत लिहायला पेन आणि वही ठेवता येते, त्यांवर औषधाचं नाव मात्र नको.

पाऊल सहावं: वक्ता

वक्त्याला मानधन, प्रवास आणि मुक्काम देता येतो, भारताच्या कडक नियमांतही. आणि नेमकं म्हणूनच पळवाट इथून निघते. ज्याला पाहुणचार देता येत नाही त्याला वक्ता करून टाकायचं. एका सभेला बारा श्रोते आणि सहा ‘वक्ते’, प्रत्येकी पाच मिनिटं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या सहांतल्या दोघांनी स्लाइड्स तिथेच पहिल्यांदा पाहिल्या. त्यांतला एक माझा जवळचा मित्र होता, आणि त्याच्या आवाजातली ओशाळ मला अजून आठवते.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा वक्ता-कार्यक्रमांबद्दल खास इशारा काढला. संशय घ्यावा अशा खुणा त्यात दिल्या आहेत: सांगायला नवं फारसं नाही तरी कार्यक्रम, मद्याची सोय, शिकायला न शोभणारी जागा, त्याच विषयावर पुन्हा पुन्हा सभा, तेच श्रोते पुन्हा हजर, ज्यांचा विषयाशी संबंध नाही असे मित्र आणि नातेवाईक, वक्ता निवडण्यात विक्री विभागाचा हात, आणि बाजारभावापेक्षा जास्त मानधन किंवा चिठ्ठ्यांच्या संख्येवर ठरलेलं मानधन. ही यादी कोणत्याही देशातल्या आयोजकाने भिंतीवर लावावी अशी आहे.

तुम्हाला कुणी वक्ता म्हणून बोलावलं तर एवढं मागा: सभेआधी सही झालेला लेखी करार, त्यात विषय, वेळ आणि मानधनाचा आकडा, स्लाइड्स स्वतः बनवायची किंवा बदलायची मोकळीक, आणि सुरुवातीला ‘या व्याख्यानासाठी मला अमुक कंपनीने मानधन दिलं आहे’ असं सांगण्याची मुभा. या शेवटच्या मागणीवर कुणी अडलं तर जाऊ नका.

पाऊल सातवं: पैशांची वाट आणि जाहीर उल्लेख

कंपनीचे पैसे संस्थेच्या खात्यात, लेखी कराराने आणि पावतीने यायला हवेत. कुणा पदाधिकाऱ्याच्या खात्यात नाही, रोख नाही, आणि ‘हॉटेलचं बिल आम्ही परस्पर भरतो’ असंही नाही. परस्पर भरलेल्या बिलात काय काय होतं ते तुम्हाला कधीच दिसत नाही.

करारात ही दोन वाक्यं येऊ द्या: आशय आणि वक्ते संस्था ठरवेल, आणि शिल्लक रक्कम परत केली जाईल. दुसरं वाक्य लोक विसरतात. उरलेल्या पैशांतून ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून ठेवलेली रक्कम वर्षाअखेरीला कशात गेली, हे सांगता येत नाही.

कंपनीचं नाव पत्रिकेवर, पहिल्या स्लाइडवर आणि अहवालात, तिन्ही ठिकाणी. तळाशी बारीक अक्षरांत नाही. नाव सांगण्यात लाज वाटत असेल तर त्या पैशांबद्दलच पुन्हा विचार करा.

आणि हे लक्षात असू द्या की कित्येक देशांत ही माहिती आता लोकांसमोर येते. अमेरिकेत २०१० च्या सनशाइन कायद्यानुसार ऑगस्ट २०१३ पासून कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या लाभांची नोंद ठेवली जाते आणि ३० सप्टेंबर २०१४ पासून ती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, त्यात जेवणंही आली. वर सांगितलेला २०१६ चा अभ्यास याच नोंदींमुळे शक्य झाला. फ्रान्समध्ये डिसेंबर २०११ च्या कायद्याने १० युरोंपासून पुढचे लाभ जाहीर होतात. भारताच्या २०२४ च्या संहितेत शैक्षणिक कार्यक्रमांचा तपशील आणि खर्च कंपनीने आपल्या संकेतस्थळावर द्यायचा आहे. तेव्हा हजेरीपटावर सही करताना असं समजा की ती सही उद्या तुमचा रुग्ण वाचणार आहे.

सभेच्या दिवशी

हजेरीपट दारात ठेवा, जेवणाच्या टेबलाजवळ नाही. येण्याची वेळ लिहून घ्या. व्याख्यान संपता संपता येणाऱ्यांना नम्रपणे सांगा की नोंदणी बंद झाली आहे. पहिल्या वेळी जड जातं, तिसऱ्या वेळेपासून लोक वेळेवर येतात. कंपनीचे फलक असले तर सभागृहाबाहेर. वक्ता बोलताना प्रतिनिधी मागच्या रांगेत बसू शकतो, पण प्रश्नोत्तरांत कंपनीच्या बाजूने उत्तर देऊ शकत नाही. सूत्रसंचालकाने हे सुरुवातीलाच सांगून टाकलं की प्रतिनिधीचीही पंचाईत होत नाही.

नाही कसं म्हणायचं

प्रतिनिधी हा शत्रू नाही. त्याच्या डोक्यावर उद्दिष्टांचं ओझं असतं आणि बऱ्याचदा नियमांबाहेरचं मागणारा डॉक्टरच असतो. “तुमच्या कंपनीने दिलं नाही तर दुसरी देईल,” हे वाक्य ऐकून एक तरुण प्रतिनिधी माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला होता. त्याला मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: नकार तोंडी देऊ नका, कागदावर द्या. “आमच्या संस्थेच्या नियमांत हे बसत नाही, सोबत नियम जोडला आहे,” एवढं एक वाक्य पुरे. नियमाचा कागद हातात असला की कुणावर व्यक्तिगत राग येत नाही. डॉक्टरांनीही तसंच करावं: “मला यायला आवडेल, माझा खर्च मी करीन, नोंदणीशुल्क कळवा.”

आणि खर्चाची भीती जरा बाजूला ठेवून बघा. संस्थेचा वर्ग, एक वक्ता, एक संगणक, प्यायला पाणी आणि वेळेत सुरुवात, इतक्यावर उत्तम सभा होते.

फाइल

सभा झाल्यावर आठवड्याच्या आत एक फाइल लावा: छापलेली पत्रिका, कंपनीशी केलेला करार, वक्त्याचा करार, हजेरीपट, मागे डोकी मोजून लिहिलेलं बिल, पैसे आल्याची पावती, शिल्लक परत केल्याची पावती आणि वक्त्याच्या स्लाइड्सची प्रत. विचारणारा माणूस दोन वर्षांनी येतो, तेव्हा आठवणीवर काही चालत नाही.

त्या पहिल्या पत्रिकेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही ती पुन्हा छापली. व्याख्यानं दोन केली, मधे अर्धा तास सुट्टी, सुट्टीत साधं जेवण, आणि शेवटची ओळ ‘रात्री ९ वाजता समाप्ती’. नेहमीपेक्षा लोक कमी आले. दुसऱ्या व्याख्यानानंतर प्रश्न मात्र एवढे निघाले की सभा साडेनऊला संपली. पेन्सिलीच्या रेघेची जुनी प्रत मी माझ्या फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे. नवा सचिव आला की मी ती फाइल त्याच्या हातात देतो, आणि तो पहिल्यांदा तेच पान उघडून विचारतो, “ही रेघ कसली?”